गोळीचं नाव विचारा!

एचआयव्हीवर औषधच नाही, असं शिकलीसवरलेली माणसं आजही छातीठोकपणे सांगतात. आणि तीच माणसं मोबाइलवर आलेला निरोप पुढे ढकलतात: अमक्या गावचा वैद्य एचआयव्ही मुळापासून बरा करतो. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. पहिली ऐकून माणूस तपासणीच टाळतो, दुसरी ऐकून चालू असलेल्या गोळ्या बंद करतो. जीव दोन्हींकडे जातो.

खरं काय ते ऐका. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. तोवर पाश्चात्त्य कंपन्या त्यासाठी दहा हजार डॉलरहून जास्त घेत होत्या. १ एप्रिल २००४ पासून हे उपचार, म्हणजेच एआरटी, आपल्या सरकारी एआरटी केंद्रांवर मोफत मिळू लागले. २०१७ पासून धोरण असं, की रक्तातल्या सीडीफोर या प्रतिकारपेशी कितीही असोत, एचआयव्ही असल्याचं कळलं की उपचार सुरू करायचे. विषाणू शरीरातून कायमचा जात नाही, पण गोळी रोज घेतली तर तो इतका दबतो की रक्तातला विषाणू मोजणाऱ्या व्हायरल लोडच्या तपासणीत सापडतही नाही. आणि तो तसा दबलेला राहिला, तर लैंगिक संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही. होतच नाही! हे एक वाक्य घरोघरी पोचलं असतं तर किती संसार वाचले असते!

औषध तालुक्यापर्यंत आलं, माहिती मात्र वाटेतच अडकली. माझा राग आहे तो यावर.

एआरटीची डबी हातात घेऊन तिच्यावरचं लेबल वाचा. आज बहुतेक प्रौढांना जी गोळी मिळते तिच्यात टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोलुटेग्राव्हिर ५० अशी तीन औषधं असतात. ही तीन नावं पाठ असलेला माणूस फसत नाही. अ‍ॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेलं अ‍ॅसिडिटीचं औषध डोलुटेग्राव्हिरच्या सोबतच घेतलं तर गोळी नीट अंगी लागत नाही. कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या उपाशीपोटी सोबत घेतल्या तरी तेच. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर डोलुटेग्राव्हिरचा दिवसातून आणखी एक डोस घ्यावा लागतो. अंगात हिपॅटायटिस बी असताना गोळ्या अचानक सोडल्या तर यकृताला धोका होतो. यातलं काही गुपित आहे का? केंद्रावरचा डॉक्टर, समुपदेशक, फार्मासिस्ट यांना हे ठाऊक असतं. फक्त विचारावं लागतं, आणि विचारायला आपण लाजतो. रांगेत ओळखीचं कुणी दिसेल म्हणून मान खाली घालून, डबी पिशवीत टाकून निघतो. ही लाज त्या माणसाची नाही, ती आपण सगळ्यांनी त्याच्यावर लादलेली आहे.

याच महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढलं. शरीराविषयी शास्त्रीय माहिती साध्या मराठीत दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. तो माणूस १९५३ मध्ये मरेपर्यंत मासिक चालवत राहिला. आपल्याला खटल्याची भीती नाही, छपाईचा खर्च नाही, आणि तरी आपण तोंड उघडत नाही!

उलट कायदा आज आपल्या बाजूने आहे. एड्स बरा करण्याचा दावा कुठल्याही औषधाच्या नावाने करायला औषध नियमांच्या 'जे' परिशिष्टाने मनाई केली आहे, म्हणून तसा दावा करणाऱ्या जाहिरातीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे बेधडक करा. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही कायद्यानुसार संमतीवाचून तपासणी करता येत नाही, कुणाची एचआयव्ही स्थिती फोडता येत नाही, नोकरीत किंवा दवाखान्यात भेदभाव करता येत नाही.

शिक्षकांनो, वर्गात हे बोला. आशाताईंनो, तुमच्या शब्दाला घरात मान आहे, तो इथे वापरा. कीर्तनकारांनो, तुमच्यासमोर गाव बसलेलं असतं. गावातल्या डॉक्टरांनो, 'काही उपयोग नाही' हे शब्द जिभेवर येऊ देऊ नका. पेशंटला एआरटी केंद्राचा पत्ता लिहून द्या. आणि तुम्ही, जे गोळ्या घेत आहात: पुढच्या वेळी डबी घेताना गोळीचं नाव विचारा, शेवटचा व्हायरल लोड किती आला ते विचारा, दुसरं कुठलंही औषध, काढा किंवा टॉनिक घेत असाल तर ते तिथे दाखवा. कुणी 'गोळ्या बंद करा' म्हणालं, तर आधी केंद्रात जा.

जवळ केंद्र कुठे ते माहीत नसेल, तर १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा क्रमांक फिरवा. पैसे पडत नाहीत आणि नाव सांगावं लागत नाही. हा क्रमांक आज निदान एका माणसाला द्या.