प्रश्न खासगी झाले तर?

हॅस्केल नावाच्या संगणकभाषेत २०२४ साली एक फेरफार झाला. वर्तमानपत्राने त्याची दखल घ्यावी असे त्यात वरकरणी काहीच नव्हते. यादीतील रकमांची बेरीज करण्यासारख्या कामांसाठी या भाषेत एक जुने साधन आहे, आणि त्याच्याहून बरे असे दुसरे साधन कित्येक वर्षे वेगळ्या कपाटात ठेवलेले होते. ते दुसरे साधन त्या वर्षी सर्वांच्या हाताशी, म्हणजे भाषा उघडताच आपोआप मिळणाऱ्या संचात, आणून ठेवण्यात आले. एवढेच. परंतु या एवढ्याशा गोष्टीमागे वर्षानुवर्षे नवशिक्यांनी विचारलेला एकच प्रश्न आणि अनोळखी जाणकारांनी तितक्याच वेळा, एक पैसाही न घेता, दिलेले एकच उत्तर उभे आहे. आज प्रोग्रॅमरांच्या जगात जे घडत आहे ते पाहता असे फेरफार पुढे घडतील की नाही, अशी शंका येते.

प्रश्न काय होता, ते कचेरीत बसणाऱ्या वाचकाला चटकन उमगेल. खतावणीत दहा लाख नोंदी आहेत आणि त्यांची बेरीज हवी आहे. अनुभवी कारकून प्रत्येक नोंदीपाशी चालू बेरीज करून पुढे नेतो. कोणत्याही क्षणी त्याला एकच आकडा सांभाळावा लागतो. आता असा एक कारकून कल्पावा की, साहेबांनी मागितल्याखेरीज कोणताही हिशेब करायचा नाही, हे ज्याचे व्रत आहे. तो प्रत्येक नोंदीपाशी ‘मागची बेरीज अधिक ही रक्कम’ अशी चिठ्ठी लिहितो आणि पुढे सरकतो. शेवटी आकडा मागितला जातो तेव्हा टेबलावर दहा लाख चिठ्ठ्यांचा ढीग असतो आणि तो उलगडण्यास जागा उरलेली नसते. हॅस्केल ही अशा व्रताची भाषा आहे. तिचे चाहते तिला कौतुकाने ‘आळशी’ म्हणतात. हा आळस पुष्कळदा गुणकारी ठरतो, कारण नको असलेले काम त्यामुळे टळते. बेरजेच्या बाबतीत मात्र ‘फोल्ड-एल’ हे साधन चिठ्ठ्यांचा ढीग रचते, आणि ‘फोल्ड-एल-प्राइम’ हे त्याचे भावंड चालू बेरीज पुढे नेते. कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, कधीकधी ही चूक आपणहून सावरून घेतो आणि कधी घेत नाही. त्यामुळे नवशिका अधिकच गोंधळतो. काल चाललेला प्रोग्रॅम आज संगणकाची सारी स्मृती का खाऊन टाकतो, हे त्याला कळत नाही. मग तो चारचौघांत विचारतो.

येथे फंक्शनल प्रोग्रॅमिंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगितले पाहिजे. शाळेच्या गणितातील फलन वाचकांना आठवत असेल. ३ चा वर्ग सोमवारी ९ असतो आणि मंगळवारीही ९ च असतो. तो कोणी विचारला, आधी काय घडले होते, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. संपूर्ण आज्ञावली अशा फलनांची मिळून रचावी, हा या पद्धतीचा आग्रह. अलोन्झो चर्च यांनी १९३० च्या दशकात मांडलेले लॅम्डा-गणित हे तिचे मूळ, आणि जॉन मॅकार्थी यांची १९५८ पासून घडत गेलेली लिस्प ही तिची पहिली मोठी भाषा. ही निव्वळ विद्यापीठीय हौस आहे असे कोणी समजू नये. एरिक्सन या स्वीडिश कंपनीत १९८६ च्या सुमारास टेलिफोन केंद्रांसाठी जन्मलेली अर्लांग ही याच कुळातली भाषा, आणि घराघरांतून निरोप पोचवणारे व्हॉट्सॲप त्याच भाषेवर उभे राहिले.

परस्परसाहाय्याच्या दृष्टीने या पद्धतीत एक गुण आहे, त्याची चर्चा फारशी होत नाही. नेहमीच्या पद्धतीने लिहिलेल्या आज्ञावलीतला दोष बहुधा दिसतो तेथे नसतो. कोठेतरी दूर एखादी किंमत बदललेली असते आणि तिचा परिणाम भलत्याच ठिकाणी उमटतो. अशा वेळी परक्याची मदत मागायची तर त्याला साऱ्या घराच्या किल्ल्या द्याव्या लागतात. शुद्ध फलनाचे तसे नाही. त्याला काय दिले आणि त्याने काय परत केले, एवढे सांगितले की प्रश्न पूर्ण होतो. दहा ओळी कापून पाकिटात घालाव्यात आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला धाडाव्यात. तेथेही त्या तशाच वागतील. शिवाय हॅस्केलसारख्या भाषांत प्रत्येक फलनाला त्याचा ‘प्रकार’, म्हणजे ते काय घेते आणि काय देते याचे विधान, जोडलेला असतो. नील मिचेल यांनी तयार केलेल्या ‘हूगल’ या शोधसाधनात तर नाव ठाऊक नसलेले फलन केवळ त्याच्या प्रकारावरून शोधता येते. एक क्रिया व एक यादी घेऊन नवी यादी देणारे काही आहे का, असे विचारावे आणि उत्तर मिळावे. प्रश्न नेमका कसा मांडावा, याचे शिक्षण भाषाच देते.

नेमक्या प्रश्नाची सर्वांत सुंदर शिकवण मला ‘क्विकचेक’ या लायब्ररीत दिसते. लायब्ररी म्हणजे एकाने लिहून इतरांसाठी खुला ठेवलेला तयार फलनांचा संच. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील चाल्मर्स विद्यापीठातल्या कून क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी क्विकचेक २००० साली जगापुढे ठेवली. तिची कल्पना अशी. प्रोग्रॅमरने आपल्या फलनाविषयी एखादा नियम सांगावा, उदाहरणार्थ, यादी उलटी करून पुन्हा उलटी केली की मूळ यादी मिळाली पाहिजे. मग लायब्ररी स्वतःच शंभरेक याद्या वाटेल तशा घडवते आणि नियम मोडतो का ते पाहते. मोडलाच, तर सापडलेले उदाहरण छाटून लहान करण्याचीही सोय तिच्यात आहे. चाळीस आकड्यांच्या यादीवर फसलेला नियम दोन आकड्यांच्या यादीवरही फसतो का? फसत असेल तर प्रोग्रॅमरपुढे दोनच आकडे येतात, आणि दोन आकड्यांत दोष डोळ्यांना दिसतो. पुढे ही कल्पना कितीतरी अन्य भाषांनी उचलली. परंतु यंत्र येथे जे करते तेच चांगला प्रश्नकर्ता हाताने करीत असतो. तो आपली अडचण छाटत छाटत एवढी लहान करतो की तिच्यात तिऱ्हाइताला वाचायला जड जाईल असे काही उरत नाही. आणि ज्याने हे प्रामाणिकपणे केले आहे त्याला निम्म्या वेळा उत्तर छाटतानाच सापडते.

आपल्याकडे शेतकऱ्यांत सावड असते: आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. प्रोग्रॅमरांचे साहाय्य या जातीचे नाही. ज्याला उत्तर मिळाले तो उत्तर देणाऱ्याला बहुधा जन्मात भेटत नाही. त्याला पाणपोईची उपमा अधिक शोभेल. हॅस्केलचा जन्मही अशाच वृत्तीतून झाला. १९८७ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथे या विषयाचे अभ्यासक जमले, तेव्हा जवळजवळ सारख्याच स्वरूपाच्या डझनाहून अधिक भाषा अस्तित्वात होत्या. आपापली भाषा रेटत बसण्यापेक्षा एकच सामायिक भाषा करावी, असे ठरले. तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांचे नाव तिला मिळाले, आणि समितीचा पहिला अहवाल १ एप्रिल १९९० रोजी निघाला. तारखेतील गंमत विद्वानांच्या ध्यानात आली नसेल, असे मानण्याचे कारण नाही.

या जगात सारेच संत आहेत असे मात्र मुळीच नाही. फाइल वाचायची कशी, एवढेच विचारणाऱ्या मुलावर उच्च बीजगणिताचा वर्षाव करणारे पंडित तेथे आहेत. ‘हे आधीच विचारून झाले आहे’ असे म्हणून दार लावणारेही आहेत. ‘मोनॅड’ ही या भाषेतली एक कुप्रसिद्ध कठीण कल्पना. ती ज्याला नुकतीच कळली तो लगेच तिला डब्याची किंवा आणखी कशाची उपमा देऊन जगाला शिकवू लागतो. ब्रेंट यॉर्गी यांनी २००९ साली या खोडीवर नेमके बोट ठेवले. उपमा सुचली ती महिनाभराच्या झगड्यानंतर. पण शिकवणारा झगडा गाळून नुसती उपमा देतो आणि विद्यार्थ्याला का कळत नाही म्हणून आश्चर्य करतो. वर्गावर उभे राहणाऱ्या कोणाही शिक्षकाला हे पटेल.

तेव्हा नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर विद्यार्थी जाहीर प्रश्न सोडून यंत्राकडे वळले, याचा दोष त्यांना देता येणार नाही. यंत्र हसत नाही, कंटाळत नाही, रात्री दोन वाजता जागे असते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीच्या दृष्टीने तर त्याचा आणखी मोठा उपकार आहे. चारचौघांतला प्रश्न इंग्रजीत विचारावा लागतो आणि व्याकरण चुकेल या भीतीने तो घशातच राहतो. यंत्राला ती मराठीतून विचारते आणि मराठीतून समजून घेते. ही सोय काढून घ्यावी असे म्हणणारा माणूस अडचणीत कधी एकटा पडलेला नसावा.

प्रश्न वेगळाच आहे. यंत्र जे सांगते ते त्याने बऱ्याच अंशी माणसांच्या जाहीर लिखाणातून आणि उघड्या आज्ञावलींतून उचललेले आहे. चारचौघांत दिलेले उत्तर एकाला मिळते आणि मागाहून येणारे हजार जण ते वाचतात. चुकले असेल तर तिसराच कोणी दुरुस्त करतो. यंत्राशी झालेला संवाद विचारणाऱ्याच्या पडद्यावर संपतो. तो बरोबर होता की चूक, हे दुसऱ्या कोणाला कळत नाही. जेथे मुळातच लिखाण थोडे आहे, अशा लहान भाषांत व कमी वापराच्या लायब्रऱ्यांत यंत्र अस्तित्वात नसलेल्या फलनाचे नावही ठामपणे सांगते. हॅस्केलचा कंपायलर असले खोटे नाव तत्काळ पकडतो, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. पण चिठ्ठ्यांचा ढीग रचणारे उत्तर तो पकडत नाही, कारण व्याकरणदृष्ट्या त्यात चूक नसते.

सर्वांत मोठा तोटा मात्र साधनांच्या कर्त्यांचा आहे. बेरजेच्या साधनाची जागा २०२४ मध्ये बदलली, कारण तीच ठेच शेकडो जणांना लागल्याचे सर्वांना दिसत होते. ते शेकडो जण आपापल्या खोलीत यंत्राला विचारून मोकळे झाले असते तर प्रत्येकाला उत्तर मिळाले असते आणि रस्त्यातला दगड जागीच राहिला असता. लायब्ररी सांभाळणारा मनुष्य बहुधा नोकरी करून उरलेल्या वेळात हे काम करतो. आपले साधन कोणाला कोठे टोचते, हे कळण्याचा त्याचा मार्ग म्हणजे लोकांनी ते त्याला सांगणे. बाजारातील मालाला विक्रीचे आकडे तरी असतात; याच्याकडे तेही नसतात.

महाराष्ट्राचा या व्यवहारातील वाटा कसा आहे? चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद आणि एस. पी. सुरेश यांची हॅस्केलवरील व्याख्याने एनपीटीईएलवर विनामूल्य आहेत. लातूरचा किंवा रत्नागिरीचा विद्यार्थी ती घरबसल्या ऐकू शकतो. ऐकण्याची सोय झाली. विचारण्याची सवय मात्र आपली शिक्षणपद्धती लावत नाही. आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतही परस्परसाहाय्य भरपूर चालते, पण ते वरच्या वर्गाच्या मुलाची प्रात्यक्षिकवही उतरवून घेण्याच्या रूपाने. उत्तर हातोहात फिरते. प्रश्न कोणालाच पडलेला नसतो. सत्रकामाच्या गुणांपैकी पाच गुण जरी नीट छाटून जाहीरपणे मांडलेल्या एका प्रश्नाला, किंवा दुसऱ्याच्या प्रश्नाला दिलेल्या पडताळलेल्या उत्तराला ठेवले, तरी वह्या उतरवण्याहून अधिक विद्या पदरात पडेल. इंग्रजीची भीती वाटत असेल तर शिक्षकाने मसुदा तपासून द्यावा. यंत्राकडून तो सुधारून घेण्यासही हरकत नसावी. पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्या गोपनीयतेचे कारण पुढे करतात, आणि ग्राहकाची आज्ञावली बाहेर जाऊ नये हे योग्यच आहे. पण दोष छाटून दहा ओळींवर आणला की त्यात ग्राहकाचे काहीच उरत नाही. त्या दहा ओळी बाहेर मांडण्यास, आणि ज्या लायब्ररीवर कंपनीचे काम चालते तिच्यातील दोष कळवण्यास, कर्मचाऱ्याला कामाच्या वेळेतून आठवड्याचा एक तास देणे कोणत्याही कंपनीला जड जाऊ नये.

आरंभ कोठून करावा असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यासाठी एक जागा तयार आहे. २०२३ पासून हॅस्केलच्या कंपायलरने आपल्या दोषसंदेशांना क्रमांक द्यायला सुरुवात केली, आणि त्या क्रमांकांची एक सार्वजनिक सूची स्वयंसेवक लिहीत आहेत: हा संदेश का येतो, कोणत्या चार ओळींनी येतो, त्या कशा सुधाराव्यात. प्राथमिक चुकांची पाने लिहिण्यात तज्ज्ञांची एक अडचण असते. तसल्या चुका त्यांच्या हातून होणे केव्हाच थांबलेले असते. काल संध्याकाळी ज्याच्या पडद्यावर तो संदेश उमटला आणि आज सकाळी ज्याला त्याचा अर्थ लागला, त्याने ते पान आजच लिहावे. महिन्याभरात आपण कोठे अडलो होतो, हे तोही विसरून जाईल.