वसाहतींतलीं मतें

आमच्या वसाहतींत राजकारण न समजणारा मनुष्य सांपडणें कठीण. अहमदनगरच्या सावेडी उपनगरांत (शहराचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, तरी जुन्या संवयीनें तोंडीं 'नगर'च येतें) संध्याकाळच्या चहापासून रात्रीच्या पानापर्यंत दिल्लीचें मंत्रिमंडळ दोनदां तरी बनतें आणि मोडतें. कोणत्या घराचा कल कोणीकडे, हें दूधवाल्यासहि ठाऊक असतें. असें असूनहि ता. १३ मे २०२४ रोजीं, लोकसभेच्या मतदानाच्या दिवशीं, भर दुपारीं केंद्राबाहेरील रांग इतकी आंखूड होती कीं आम्हांस छत्री उघडण्याचेंहि कारण पडलें नाहीं.

दिवस सोमवार होता. शुक्रवारीं अक्षय्यतृतीया, मग दुसरा शनिवार, रविवार, आणि सोमवारीं मतदानाची सुटी! ज्या चार घरांत सर्वांत मोठ्यानें वाद होतात, त्यांपैकीं तिहींस कुलूप होतें. मंडळी कोंकणांत आंबे खात होती. आम्ही रागावलों, हें कबूल करतों. परंतु विधानसभेच्या निवडणुकीपूर्वीं, ऑक्टोबरच्या आरंभीं, मतदारयादी घरोघर ताडून पाहण्याचें काम आम्हीं अंगावर घेतलें, तेव्हां तो राग निम्मा तरी अस्थानीं होता असें दिसून आलें.

एका घराचेंच सांगतों. हें घर कुलूपांतलें नव्हे. यादींत नांवें सात. त्यांतील आजोबा वारून तीन वर्षें झालेलीं. थोरले चिरंजीव पुण्यास स्थायिक. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेलेली. उरले चौघे: आजी, यजमान, त्यांची पत्नी व धाकटे चिरंजीव. ह्या चौघांनीं न चुकतां मत दिलें तरी सातांत चार म्हणजे शेंकडा सत्तावन्नच भरतात, आणि बाकीचे 'उदासीन' म्हणून वर्तमानपत्रांत मोजले जातात. यजमान आम्हांस म्हणाले, "काळजी करूं नका, आमचीं मतें एकगठ्ठा आहेत."

तोंच स्वयंपाकघराच्या दारांतून सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, माझें नांव अजून संगमनेरासच आहे. तेथें जाऊन येण्यांत दिवस मोडतो, म्हणून लग्न झाल्यापासून मीं मत दिलेंच नाहीं."

लग्नास नऊ वर्षें झालेलीं. तेवढ्यांत महापालिकेची एक, विधानसभेची एक व लोकसभेच्या दोन, अशा चार निवडणुका गेल्या. यजमान गप्प झाले. शिधापत्रिका, विमा, बँकेचें खातें, सर्वत्र त्यांनीं सुनेचें नांव वेळेवर घातलें होतें. मताची मात्र त्यांस आठवण झाली नव्हती, आणि तिचें मत आपल्या गठ्ठ्यांत ते खुशाल मोजीत होते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत सुमारें २८ लक्ष स्त्रियांचीं नांवें यादींतून गळलीं; कारण त्यांनीं स्वतःचें नांव न सांगतां 'अमक्याची बायको' असें लिहविलें होतें. तो प्रकार बहुतांशीं उत्तरेकडचा, म्हणून आपण त्यास हंसतों. आपल्याकडे नांव सांगतात. तें माहेरीं राहून जातें, इतकेंच.

एका मतानें काय होतें, असें विचारणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. त्यांस २०१४ चें स्मरण द्यावेंसें वाटतें. त्या वर्षीं शिवसेना-भाजप युती तुटली, आणि १९९० पासून सलग पांच वेळां निवडून आलेले अनिल राठोड नगर शहरांत संग्राम जगताप ह्यांच्याकडून तीन हजारांहून थोड्या अधिक मतांनीं पडले. कोण निवडून यावयास हवें होतें, हा आमचा प्रश्न नव्हे. परंतु तीन हजार मतें म्हणजे आमच्यासारख्या कांहीं वसाहतींतलीं कुलूपें होत.

ह्याच्या उलट बाजूचा आक्षेप अधिक अवघड आहे. डिसेंबर २०१८ च्या महापालिका निवडणुकींत ६८ जागांपैकीं शिवसेनेस २४, राष्ट्रवादीस १८ व भाजपास १४ मिळाल्या. आणि महापौर झाला तो १४ जागांच्या पक्षाचा, तोहि राष्ट्रवादीच्या पाठिंब्यानें. शेजारचे एक निवृत्त शिक्षक तेव्हांपासून म्हणतात, "कल आमचा, करार त्यांचा, मग रांगेंत कशाला उभें राहावयाचें?" त्यांस देण्यासारखें तयार उत्तर आमच्याजवळ नाहीं. आम्ही त्यांच्या हातीं चिठ्ठी ठेवतों आणि पुढच्या दारीं जातों.

सूनबाईंचा नमुना ८ चा अर्ज त्याच आठवड्यांत भरला. राहण्याचें ठिकाण बदलल्यास हाच अर्ज लागतो. मयताचें नांव काढण्यास नमुना ७. उमेदवारी अर्जांची मुदत संपली कीं यादीचें दार बंद होतें, म्हणून निवडणूक जाहीर झाल्यावर धांवाधांव करणें व्यर्थ. आजींचें वय सत्याऐंशी. पंचाऐंशीवरील मतदारांस घरीं बसून मत देण्याची सोय मे महिन्यांतहि होती, पण ती घरांत कोणास माहीत नव्हती. ह्या खेपेस अर्ज केला. दिवाळीनंतर अधिकारी, पोलीस व चित्रण करणारा मनुष्य असे घरीं आले, टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा मांडला. यजमान आईस मदत करावयास पुढें सरले, तों आजी म्हणाल्या, "तूं बाहेरच्या खोलींत जा बघूं. मला दिसतंय."

ता. २० नोव्हेंबरला सूनबाई सकाळींच मत देऊन आल्या. यजमानांनीं, कोणास दिलें म्हणून, विचारलें नाहीं; निदान आमच्यासमोर तरी नाहीं. पुण्याच्या चिरंजीवांचा अर्ज मात्र तसाच राहिला. पुढच्या खेपेस नगरला येऊं तेव्हां पाहूं, असें ते फोनवर म्हणाले.