खर्च डबीवर नको, व्हीसीआरवर करा

लग्नामुंजीच्या जुन्या कॅसेटी संगणकावर घ्यायच्या म्हटलं की हल्ली एकच सल्ला मिळतो: 'एव्ही टू एचडीएमआय' डबी मागवा. खोक्यावर ठळक १०८० छापलेलं असतं, किंमतही हजाराच्या आत. पैसे वाचतात खरे, पण चित्राची वाट लागते.

व्हीएचएसच्या पट्टीवर मुळात आडवा तपशील जेमतेम २४० रेषांचा. भारतातल्या 'पाल' पद्धतीत दिसणारं चित्र ५७६ ओळींचं, तेही एकाआड एक ओळी घेऊन सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांत विभागलेलं. त्याला ताणून १०८० करणं म्हणजे दुधात पाणी घालून लिटर वाढवणं. बऱ्याच डब्या तर यातली निम्मी अर्धी चित्रं गाळतात आणि ४:३ चं चित्र रुंद पडद्यावर पसरवतात. मग वरातीतले मामा अडखळत नाचतात आणि नवरी मंगलाष्टकं संपेस्तोवर दहा किलोंनी भरलेली दिसते.

त्यापेक्षा ७२० बाय ५७६ मध्ये, ओळींना हात न लावता चित्र घेणारी साधी यूएसबी डबी बरी. मात्र 'इझीकॅप' या एकाच नावाखाली निरनिराळ्या चिपा विकल्या जातात. त्यामुळे परत करता येईल अशीच घ्यावी आणि सलग तासभर चालवून आवाज ओठांच्या मागे पडतो का ते पाहावं. ओबीएस स्टुडिओसारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

खरा पैसा जायला हवा तो व्हीसीआरवर. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. ती शेवटचीच होती. म्हणजे आता जे काही मिळेल ते वापरलेलं. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात मशीन घेताना आपलीच एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट लावून पाहावी. चित्र वरून वाकतं का, तळाशी पांढरे फाटे येतात का, पट्टी बाहेर येताना चुरगळते का, एवढं तिथल्या तिथे कळतं. एस-व्हिडिओची सोय असेल तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

हेड साफ करताना मात्र कानातल्या कापसाच्या काड्या नकोत. ६२ मिलिमीटर व्यासाचा तो ड्रम चालू मशीनमध्ये मिनिटाला १५०० फेरे घेतो आणि त्याच्या कडेला बसवलेली हेडं इतकी नाजूक, की कापसाचा धागा अडकला तरी तुटतात. प्लग काढून, मऊ चामड्याचा तुकडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला करून ड्रमला नुसता टेकवायचा आणि दुसऱ्या हाताने ड्रम सावकाश फिरवायचा. वर-खाली घासायचं अजिबात नाही.

कोकणात आणि मुंबईत आणखी एक दुखणं: बुरशी. कॅसेटच्या काचेतून गुंडाळीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली, तर ती मशीनमध्ये घालूच नये. पट्टी गेली ती गेलीच, वर हेडाला लागलेली घाण पुढच्या दहा कॅसेटींना चिकटते. अशी कॅसेट आधी साफ करून घ्यावी लागते, आणि तिथे जाणकाराला पैसे मोजलेले परवडतात.

चार-पाचच कॅसेटी असतील तर हा सगळा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, मग स्टुडिओत द्याव्यात, फक्त डीव्हीडी न घेता फाइल मागावी. पण तीन भावंडांच्या घरांत मिळून तीस निघाल्या, तर वर्गणी काढून एकच मशीन घेतलेलं स्वस्त पडतं.

आणि पहिली कॅसेट आत सरकवण्यापूर्वी तिच्या लेबलच्या कडेची ती छोटी प्लास्टिकची खिट्टी मोडून टाकावी. ती शाबूत राहिल्यामुळे कितीतरी मुंजींवर वनडे सामने रेकॉर्ड झालेले आहेत.

आपला,
एक वाचक, ठाणे