कच्चा माल नव्हे, गुरुकुल

‘लोकसंगीतातला कच्चा माल उचलून प्रतिभावंताने त्याला कलारूप दिले’ हे वाक्य संगीतावर लिहिणाऱ्यांच्या इतके अंगवळणी पडले आहे की, त्यातला उर्मटपणा आता कुणाला बोचतही नाही. जपानी संगीतकार अकिरा इफुकुबे याच्याबाबतीतही हाच सूर लागतो, म्हणून हा वाद.

इफुकुबेचा जन्म १९१४ चा, होक्काइडो बेटावरचा. वडील ओतोफुके गावचे प्रमुख. तेथे ऐनू लोकांची गाणी आणि नाच या पोराच्या कानाडोळ्यांत मुरले. विशीच्या उंबरठ्यावर त्याने गिटारसाठी लिहायला घेतले ते हा ठेवा घेऊन. हा ठेवा कच्चा होता काय?

ऐनूंची तोंकोरी पाहा. तारा बहुधा पाच. बोटाने दाबून स्वर बदलायची सोय नाही. जितक्या तारा तितके स्वर! सहा तारा आणि पडदे मिरवणाऱ्या गिटारवाल्याला हे दारिद्र्य वाटेल. पण तेवढ्याच स्वरांत फिरत राहून रंग भरायचा, यातच तर वादकाचा कस. ‘उपोपो’ गाताना बायका भांड्याच्या झाकणाभोवती बसून ताल धरतात. एकीने उचललेली ओळ दुसरी मागाहून उचलते. याला कच्चे म्हणणाऱ्याचा कानच कच्चा! इफुकुबेच्या संगीतात एकच आकृती हट्टाने फिरून फिरून येते. तिला त्याची शैली खुशाल म्हणा. पण असल्या आवर्तनांची गोडी त्याला कोणी लावली, हेही सांगा.

सांगणे सोयीचे नसते. १८९९ च्या कायद्याने ऐनूंना ‘संरक्षण’ देऊ केले, म्हणजे शिकार सोडून शेती करा, पोरांनी शाळेत जपानी बोला! तो कायदा १९९७ मध्ये रद्द झाला; ऐनू हे मूळचे रहिवासी, असे कायद्यात लिहायला २०१९ उजाडले. ज्यांची जीभ शाळेत बांधली, त्यांची गाणी ‘प्रेरणा’ म्हणून मैफलीत आली की टाळ्या पडणार. मात्र त्यांना गुरू म्हणायचे नाही!

इफुकुबेने मात्र १९५४ च्या आपल्या सिंफनीला ऐनू नृत्याचेच नाव दिले: ‘ताप्कारा’. आपल्याकडे गुरूचे नाव घेताना गवई कानाची पाळी धरतो. शिष्याने ती धरली. त्याच्या भाटांनीही धरावी, एवढेच मागणे.