वेड्या राघूचं शहाणपण

विजेच्या तारेवरून झेप घेऊन हवेतल्या हवेत माशी पकडणारा आणि परत तारेवर येऊन बसणारा छोटा हिरवा पक्षी बहुतेकांनी पाहिलेला असतो. मराठीत त्याला वेडा राघू म्हणतात. हे नाव ज्याने ठेवलं त्याने त्याला घरट्यापाशी पाहिलं नसावं.

वेडा राघू मातीच्या दरडीत बीळ खणून त्यात अंडी घालतो. बिळाचं तोंड शत्रूला कळलं की पिल्लं गेलीच म्हणायची. त्यामुळे जवळ कुणी उभं असेल तर तो चोचीत भक्ष्य धरून ताटकळतो, आत शिरत नाही. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयातले मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना प्रश्न पडला, की हा पक्षी माणसाला बिचकतो की माणसाच्या नजरेला? त्यांनी घरट्यापासून जवळपास सारख्याच अंतरावरच्या दोन जागा घेतल्या. एकीवरून घरटं दिसायचं, दुसरीवरून दिसायचं नाही. माणूस दुसऱ्या जागी असताना पक्षी जास्त वेळा घरट्यात शिरले. २००२ साली ‘ॲनिमल कॉग्निशन’ या नियतकालिकात हे काम प्रसिद्ध झालं.

आता पक्ष्याला समोरच्याच्या मनातलं कळतं का, यावर वाद घालता येईल. कदाचित त्याच्या डोक्यात एक साधा नियमच असेल. माझ्या मते तो वाद दुय्यम आहे. पिल्लं वाचवायला जेवढी अक्कल लागते तेवढी त्याच्याकडे आहे, आणि ती नेमकी तिथेच वापरली जाते.

प्राण्यांच्या हुशारीचे व्हिडिओ आपण कौतुकाने पाहतो. कावळा कोडं सोडवतो, चिंपांझी आकडे ओळखतो. ही सगळी परीक्षा आपली, अभ्यासक्रमही आपलाच. त्या बुद्धीने रानात एक जीव तरी जास्त जगतो का, हे मात्र क्वचितच विचारलं जातं, कारण त्याचं उत्तर पिंजऱ्यात मिळत नाही.

अमेरिकेतल्या सिएरा नेवाडा पर्वतात व्लादिमीर प्रावोसुदोव यांच्या गटाने ते शोधलं. तिथला माउंटन चिकडी हा जेमतेम ११ ग्रॅमचा पक्षी हिवाळ्यासाठी हजारो बिया ठिकठिकाणी लपवतो. पुढे बर्फात त्या सापडल्या नाहीत तर उपासमार. संशोधकांनी पक्ष्यांच्या पायात इलेक्ट्रॉनिक खूण अडकवली आणि रानात आठ दाणापेट्या टांगल्या. प्रत्येक पक्ष्यासाठी त्यातली एकच पेटी उघडायची. कोण किती चुका करून आपली पेटी लक्षात ठेवतो, याची नोंद आपोआप होत गेली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की कमी चुका करणारे तरुण पक्षी पहिला हिवाळा पार करण्याची शक्यता जास्त होती.

मग सगळेच प्राणी अधिकाधिक हुशार का होत नाहीत? कारण हुशारी फुकट मिळत नाही. इंग्लंडमध्ये बंबलबी या केसाळ, गुबगुबीत मधमाशांवर झालेल्या २०१७ च्या अभ्यासात लवकर शिकणाऱ्या माशा कमी दिवस अन्न गोळा करू शकल्या, आणि त्यांच्या एकेका फेरीत काही जास्त माल आला असंही दिसलं नाही. मेंदू हा पोसायला महाग अवयव आहे. घरातल्या ‘हुशार’ मुलाच्या टक्केवारीची काळजी वाहणाऱ्या पालकांनी या माशांकडे जरा पाहायला हरकत नाही.

आपल्याकडच्या महाविद्यालयांत असे प्रयोग इतके कमी का होतात, हे मला उमगत नाही. नेवाडातल्यासारख्या पेट्या महाग असतील, पण पुण्यातल्या प्रयोगाची मूळ कल्पना तपासायला दोन डोळे, वही आणि चिकाटी पुरते. खरी अडचण वेळापत्रकाची आहे. वेडा राघूची वीण ऐन उन्हाळ्यात असते, आणि तेव्हा प्राणिशास्त्राचे विद्यार्थी परीक्षेत किंवा सुट्टीवर असतात. विषय जिवंत प्राण्यांचा आणि वर्षभराचं वेळापत्रक मात्र बाटलीतल्या नमुन्यांच्या सोयीचं, असा हा प्रकार आहे.

कुणाला येत्या उन्हाळ्यात बघायचंच असेल तर लांबून बघावं, घरट्याला हात लावू नये. पक्षी भक्ष्य चोचीत धरून बराच वेळ तारेवरच बसला, तर आपण त्याच्या घरट्यासमोर उभे आहोत असं समजून बाजूला व्हावं. तो आत गेला की आपण किती पावलं सरकलो, ते तेवढं वहीत लिहावं.