स्थान राखण्याचे मोल

सोलापुरातील गच्चीवरची डिश अँटेना एकदा दक्षिणेच्या आकाशाकडे रोखली की वर्षानुवर्षे हलवावी लागत नाही. ती ज्या उपग्रहाकडे पाहते, तो निश्चल उभा असल्याची समजूत त्यातूनच होते. वास्तविक विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवरचा हा उपग्रह पृथ्वीच्या परिवलनाशी गती जुळवून अखंड धावत असतो. चंद्र-सूर्याचे आकर्षण त्याला उत्तर-दक्षिण डोलवते. विषुववृत्त पूर्ण वर्तुळाकार नसल्याने तो पूर्व-पश्चिमही सरकतो. नेमून दिलेल्या रेखांशापासून तो साधारणतः अंशाच्या दहाव्या भागापलीकडे ढळू नये, यासाठी हासन व भोपाळच्या नियंत्रण केंद्रांतून त्याची छोटी इंजिने वेळोवेळी चालवावी लागतात. इंधन संपले की त्याची सेवाही संपते.

या शास्त्राशी सोलापूर जिल्ह्याचे विलक्षण नाते आहे. प्रयत्न सोडलेला उपग्रह ज्यांच्याकडे ओढला जाऊन मागेपुढे झुलत राहतो, अशा दोनच जागा भूस्थिर कक्षेत आहेत. एक १०५ अंश पश्चिमेस, दुसरी ७५ अंश पूर्वेस. पंढरपूरचा रेखांश सुमारे ७५.३ अंश, सोलापूरचा ७५.९. म्हणजे जिल्ह्याच्या जवळजवळ थेट दक्षिणेस ही अदृश्य दरी आहे आणि कित्येक मृत उपग्रह तिच्याभोवती घुटमळत आहेत. तिच्या लगतच, ७४ अंशांवरून, २००२ साली झेपावलेल्या ‘कल्पना-१’ने मान्सूनचे ढग टिपले; २०१६ च्या ‘इन्सॅट-३डीआर’लाही तेच स्थान मिळाले. पावसाच्या अंदाजावर पेरणी ठरवणाऱ्या अवर्षणग्रस्त जिल्ह्याला या गर्दीकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

उपाय ठाऊक आहे. २००७ चा ‘इन्सॅट-४बी’ जानेवारी २०२२ मध्ये, राखून ठेवलेल्या इंधनाच्या बळावर, भूस्थिर कक्षेच्या सुमारे ३४० किलोमीटर वर नेऊन मगच बंद करण्यात आला. त्या इंधनावर आणखी काही काळ उत्पन्न मिळवता आले असते. तो मोह टाळला गेला. यासंबंधीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे मात्र बंधनकारक नाहीत. २०३० पर्यंत कचरामुक्त अवकाश मोहिमांचा संकल्प भारताने २०२४ साली जाहीर केला. आता इतर राष्ट्रांनीही हे बंधन स्वीकारावे, असा आग्रह भारतानेच धरला पाहिजे.

स्थान राखण्यासाठी अखंड उद्यम लागतो. ते सोडताना मागून येणाऱ्यासाठी वाट मोकळी करण्याचा विवेक लागतो. हे दुसरे कर्तव्यही पहिल्याइतकेच अनिवार्य मानले गेले पाहिजे.