आठळीला फ्रीज मानवत नाही

तासगाव-सांगली पट्ट्यातल्या कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाणा महिनोन्‌महिने टिकतो. थंडीत ठेवले की काहीही टिकते, हा समज त्यामुळे इथे सहज रुजतो. मग झाडे लावण्याच्या हौसेने जमवलेल्या फणसाच्या आठळ्या, जांभळाच्या बिया, आंब्याच्या कोयीही फ्रीजमध्ये जातात आणि पुढे रोपांच्या पिशव्या रिकाम्याच राहतात.

ज्वारी, हरभरा, चिंच, बाभूळ यांचे बी झाडावरच सुकते. पाणी उतरत असताना त्याच्या पेशी साखर आणि खास प्रथिनांच्या आधाराने स्वतःला सावरतात. असे बी नीट वाळवून उणे 18 अंशांवर ठेवले तर कित्येक दशके जिवंत राहते. दिल्लीची राष्ट्रीय जनुकपेढी आणि 2008 साली नॉर्वेत सुरू झालेले स्वालबार्डचे बियाणे भांडार याच तत्त्वावर चालतात.

जांभळाचे तसे नाही. फळ पावसाच्या तोंडावर पिकते, बी ओल्या मातीत पडते आणि लगेच रुजू लागते. वाट पाहण्याची वेळच येत नसल्याने सुकणे सोसायची तयारी त्याच्यात नाही. आठळी आणि कोयही त्याच जातकुळीतली. ही बियाणी पडतात तेव्हा पाण्याने भरलेली असतात, त्यांचे श्वसन चालू असते. गोठवली तर आतल्या पाण्याचे बर्फकण पेशींची आवरणे फाडतात. न गोठवता नुसत्या फ्रीजच्या चार-पाच अंशांत ठेवली तरी त्या आवरणांतली स्निग्धद्रव्ये थिजतात आणि पेशी पाझरू लागतात. वाळवून ठेवावीत, तर वाळवण्यानेच मरतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ ई. एच. रॉबर्ट्स यांनी 1973 साली बियांचे हे दोन गट वेगळे मांडले.

साताऱ्याच्या आले उत्पादकांना यातले मर्म ठाऊक आहे. आल्याचे बेणे म्हणजे बी नव्हे, कंद. पण कडाक्याची थंडी त्यालाही बाधते. म्हणून ते सावलीत, हवेशीर जागी राखले जाते.

उन्हाळ्यात सीड बॉल वळणाऱ्या शाळांनी आणि मंडळांनी हे ध्यानात घ्यायला हवे. चिंच-बाभळीच्या बिया त्यात खुशाल घालाव्यात. आठळी उन्हात वाळणाऱ्या गोळ्यात घालणे म्हणजे ती वाया घालवणे. अशा बियांचे कोंब द्रवरूप नायट्रोजनमध्ये जपण्याचे तंत्र आहे, पण ते प्रयोगशाळेचे काम. कोयना-चांदोलीची राने, बांधावरचे जुने आंबे आणि देवरायांतली जांभळे हीच आपली खरी बीजपेढी. ही झाडे तोडून बियांच्या पेढ्या उभारता येणार नाहीत. यंदा फणस फोडला की आठळ्या धुवून आठवडाभरात ओल्या मातीच्या पिशवीत लावा.